मुख्याध्यापक बदलले की शाळा बदलते का?

शेवंती · १६ जून, रात्री ९:१२

कालपासून शाळा सुरू झाली, लेक आठवीत गेली. तालुक्याच्या गावातली अनुदानित मराठी शाळा आहे, नाव लिहीत नाही. ती पाचवीत गेली तेव्हा जे मुख्याध्यापक होते (त्यांना इथे जुने सर म्हणू) ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि नवे सर आले. शिक्षक तेच, पुस्तकं तीच.

जुने सर रोज कुठल्या तरी एका वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचे, अख्खा तास. लेक घरी येऊन सांगायची, "आज सर आमच्यात बसले होते." अधूनमधून एखाद्या वर्गाच्या वह्या स्वतः घरी न्यायचे. तिच्या गणिताच्या वहीत एकदा लिहिलं होतं, 'उत्तर बरोबर. पण का बरोबर, ते मला येऊन सांग.' ही घाबरत घाबरत ऑफिसात जाऊन सांगून आली होती. बाकी भिंतींचे पोपडे निघालेले, आणि मुलींच्या मुतारीबद्दल न बोललेलंच बरं.

नवे सर आल्यापासून इमारतीला रंग लागला, कॅमेरे लागले, मुतारी स्वच्छ झाली (याचं श्रेय त्यांना मनापासून). गेटवर '१००% निकालाची परंपरा' असा फ्लेक्स आहे. लेकीच्या वहीत दोन वर्षांत 'पाहिले' आणि सही एवढंच. गुण मात्र वाढलेत! चाचणीत २० पैकी १८. म्हणून परवा सहज विचारलं, अर्धा मोठा की एक तृतीयांश? म्हणाली, एक तृतीयांश. तीन मोठे ना दोनापेक्षा.

मुख्याध्यापकाचं लक्ष कशात आहे याने मुलांच्या शिकण्यात खरंच फरक पडतो, की मी जुन्या सरांच्या आठवणीत अडकलेय? शाळा बदलायचं डोक्यात आहे. नवऱ्याचं म्हणणं, "शिकवणारे तेच आहेत ना, मग?"

बाबा_आदम · १६ जून, रात्री ९:३०

तुमच्या मिस्टरांशी सहमत. शिक्षक शिकवतात, मुख्याध्यापक सह्या करतात. आमच्या मुख्याध्यापकांचं नावही मला आठवत नाही, आणि माझं काही अडलं नाही.

गुळपोळी · १६ जून, रात्री ९:३४

@बाबा_आदम, तुमचे इथले प्रतिसाद वाचून 'काही अडलं नाही' यावर वेगळा धागा काढता येईल. हलके घ्या.

तासिका · १६ जून, रात्री १०:२१

शेवंती, तुम्ही अडकलेल्या नाही. मी १९ वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतेय, पाच मुख्याध्यापक बघितले. त्यांतल्या चौघांनी मला वर्षानुवर्षं एकच विचारलं, "टाचणवही (कोणत्या तासाला काय शिकवणार त्याची वही) पूर्ण आहे का?" टाचण पूर्ण असायचंच. मागच्या वर्षीचं उतरवायला कितीसा वेळ लागतो!

पाचव्या बाई होत्या. एकदा माझ्या तासाला बसल्या आणि नंतर चहा पिताना म्हणाल्या, "तुम्ही ३५ मिनिटांत ११ प्रश्न विचारलेत, त्यातल्या नऊंची उत्तरं खिडकीजवळच्या त्याच तीन मुलांनी दिली." बस, एवढंच. रागावणं नाही, लॉगबुकात शेराही नाही. मला रात्री झोप लागली नाही. आजही प्रश्न विचारताना माझी नजर आधी दाराजवळच्या रांगेकडे जाते.

आणि बाबा_आदम, सही कशावर होते तेही बघा. आठवीला गणित कोणाकडे, दहावीला कोणाकडे, कोणता विषय जेवणाच्या सुट्टीनंतर, रजेवरच्या शिक्षकाचा तास कोण घेणार की मुलं मैदानात सोडणार, हे सगळं वेळापत्रकात ठरतं आणि वेळापत्रकाखाली मुख्याध्यापकाची सही असते. ज्याला फक्त दहावीचा निकाल दिसतो तो शाळेतला सगळ्यात चांगला गणिताचा माणूस दहावीला लावतो, आणि पाचवी-सहावीला 'ज्याचे तास कमी भरतायत तो'. अपूर्णांक पाचवी-सहावीतच पक्के व्हायचे असतात ना?

शेवंती · १६ जून, रात्री १०:४०

थांबा. सहावीपासून हिचं गणित चित्रकलेच्या सरांकडे आहे. त्यांचे तास कमी भरत होते.

तासिका · १६ जून, रात्री १०:४३

:(

दप्तरदिरंगाई · १७ जून, सकाळी ७:०५

शाळेत ३१ वर्षं लिपिक होतो. सात मुख्याध्यापक हाताखालून गेले. (हो, हाताखालूनच. शाळेत लिपिक असलेल्यांना कळेल.) नवा माणूस पहिल्या दिवशी कोणती फाइल मागतो यावरून मी ओळखायचो. कोणी कॅशबुक मागतो, कोणी सेवापुस्तकं, एकाने बांधकामाची फाइल मागितली आणि पाच वर्षं बांधकामच केलं. निकालपत्रकं मागणारे दोघे. त्यातल्या एकाने नववीची मागितली. त्या साहेबांनी मला विचारलं, "या पोरांचं सहावीत काय होतं?" सहावीची पत्रकं माळ्यावर होती, उंदरांनी अर्धी खाल्लेली. माझी अर्धी सुट्टी गेली त्यात.

सतरा_नंबर · १७ जून, दुपारी १:१८

गेटवरच्या त्या फ्लेक्सबद्दल लिहायलाच हवं. माझ्या आयडीचा अर्थ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शाळेत नियमित न शिकता बाहेरून दहावीला बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म भरतात. शिक्षण सुटलेल्यांसाठी, नोकरी करणाऱ्यांसाठी ती फार चांगली सोय आहे. पण शाळेच्या बाजूने तिचा आणखी एक उपयोग आहे. बाहेरून बसलेल्याचा निकाल शाळेच्या निकालात धरत नाहीत.

मी नववीत होतो. गणितात दोनदा नापास. वडिलांना बोलावून सांगितलं, "मुलगा चांगला आहे हो, पण इथे ठेवला तर नववीतच राहील. १७ नंबर भरा, वर्ष वाचेल." वडिलांना वाटलं, साहेब आपलं वर्ष वाचवतायत, त्यांनी हात जोडून आभार मानले. आम्ही असे १४ जण होतो. त्या वर्षी शाळेचा निकाल १०० टक्के लागला, बँड लावून मिरवणूक निघाली. ती आमच्याच गल्लीतून गेली.

मी दुसऱ्या खेपेला सुटलो, आयटीआय केलं, आज बरं चाललंय. १४ पैकी पाच जणांनी परीक्षा दिलीच नाही. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. फी भरायला पैसे नसले की स्वतःच्या खिशातून भरायचे. त्यांना फक्त एक आकडा हवा होता.

गुळपोळी · १७ जून, दुपारी १:२५

अंगावर आलं. "ती आमच्याच गल्लीतून गेली"...

थेम्सकाठचा_तात्या · १७ जून, दुपारी ४:५०

सतरा_नंबर, तुमचा किस्सा वाचून दचकलो, कारण इथे इंग्लंडमध्ये याला रीतसर नाव आहे, 'ऑफ-रोलिंग'. सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा असते, तिचे निकाल जाहीर होतात आणि त्यावर हेडटीचरची खुर्ची हलते. मग काही शाळा परीक्षेआधी पालकांच्या गळी उतरवतात की मुलाला पटावरून काढा, घरी शिकवा. शाळा तपासणारी ऑफस्टेड ही संस्था आता तपासणीत हे मुद्दाम बघते.

दुसरी गंमत. पूर्वी शाळेचं मोजमाप 'किती मुलांना पाच विषयांत सी किंवा वरची श्रेणी' असं व्हायचं. झालं काय, की डी आणि सीच्या उंबरठ्यावरची पोरं अचानक सगळ्यांची लाडकी झाली. जादा तास त्यांना, चांगले शिक्षक त्यांना. ए वाला आपला आपण येईल, एफ वाला कसाही येणार नाही, मग दोघांकडे कशाला बघा? २०१६ पासून 'प्रोग्रेस ८' आलं, म्हणजे मूल अकराव्या वर्षी कुठे होतं आणि तिथून किती पुढे गेलं ते मोजायचं. त्यातही पळवाटा निघाल्याच, पण निदान एफ वाल्या मुलाने डी काढला तर शाळेच्या खात्यात काहीतरी पडायला लागलं.

संस्थाकारभारी · १७ जून, रात्री ८:१५

एका छोट्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

मागच्या बाकावर बसणारे सर सगळ्यांना आवडतात. पण पट घसरला तर काय होतं ते कोणी लिहीत नाही. संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात ती) तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, मग त्याचं समायोजन दुसऱ्या तालुक्यात. आमच्याकडे समोर तीन इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत, पिवळ्या बस घेऊन दारात उभ्या. पालक शाळा निवडताना काय बघतो? रंग, संडास, कॅमेरे, निकाल. "तुमचे मुख्याध्यापक वर्गात बसतात का?" असं आजवर मला एकाही पालकाने विचारलेलं नाही. शेवंतीताईंनीही प्रवेश घेताना विचारलं नसणार.

आणि स्वच्छ मुतारीला 'वरवरचं' समजू नका. आमच्या शाळेत ती झाल्यावर आठवी-नववीच्या मुलींची गैरहजेरी डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली. जी मुलगी शाळेतच नाही तिला अपूर्णांक कोण शिकवणार?

शेवंती · १७ जून, रात्री ८:३२

@संस्थाकारभारी, बरोबर आहे, नव्हतं विचारलं. मुतारीचंही पूर्ण पटतं. माझी तक्रार रंग लावला ही नाही, रंगानंतर ते वर्गात आलेच नाहीत ही आहे.

आकडेमोड · १७ जून, रात्री १०:५८

यावर बऱ्यापैकी संशोधन झालंय, झेपेल तेवढं सांगतो.

वॉलेस फाउंडेशनने २०२१ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा छापला. शाळांचे मुख्याध्यापक कामगिरीनुसार ओळीत उभे केले, खालून पाव अंतरावरचा माणूस काढून वरून पाव अंतरावरचा आणला, तर त्या शाळेतलं सरासरी मूल वर्षभरात गणितात सुमारे २.९ महिने आणि वाचनात २.७ महिने जास्त शिकतं. चांगल्या शिक्षकाचा परिणामही साधारण याच पट्टीतला, पण त्याच्या एका वर्गापुरता. मुख्याध्यापकाचा अख्ख्या शाळेवर. तेव्हा 'सह्या करतात' वाल्यांनी जरा दमाने.

धाग्याच्या विषयाशी जास्त जवळचा अभ्यास २०१३ चा, मायामीचा. ग्रिसम, लोब आणि मास्टर या तिघांचा. सुमारे १०० शाळांत माणसं पाठवून मुख्याध्यापक दिवसभर काय करतो ते टिपून घेतलं. शिकवण्याशी संबंधित कामाला त्यांचा वेळ जात होता साधारण आठवा हिस्सा. त्यातला सगळ्यात मोठा भाग वर्गावर्गांतून धावती चक्कर मारण्याचा. आणि निकाल असा, की शिक्षकांसोबत बसून त्यांच्या शिकवण्यावर काम करणारे, नीट मूल्यमापन करणारे, अभ्यासक्रमात लक्ष घालणारे, यांच्या शाळांत मुलांची प्रगती जास्त. नुसती चक्कर मारणाऱ्यांच्या शाळांत कमी, विशेषतः हायस्कुलांत.

म्हणजे वर्गात 'जाणं' पुरत नाही. तासिकाताईंच्या पाचव्या बाई चहा पिताना जे बोलल्या, ते त्या आकड्यात मोजलं गेलंय.

न्यूझीलंडच्या विव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांचा २००८ चा आढावाही असाच. त्यांनी मुख्याध्यापकाच्या कामाचे पाच गट केले. सगळ्यात मोठा परिणाम कशाचा निघाला? शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सहभागी होण्याचा. प्रशिक्षणाचं पत्र काढून 'उपस्थित राहावे' म्हणणं वेगळं, पहिल्या रांगेत वही घेऊन बसणं वेगळं.

बाबा_आदम · १७ जून, रात्री ११:२०

@आकडेमोड, मायामीत खिचडी शिजवावी लागत नाही. आणि चांगल्या शाळेला चांगला मुख्याध्यापक मिळतो असंही असेल की. कोंबडी आधी की अंडं?

आपल्याकडे निकाल क्लासवाला लावतो. शाळेत हजेरी, शिकणं संध्याकाळी सहा ते आठ. दोन शाळांतल्या फरकाचं श्रेय मुख्याध्यापकाला द्यायच्या आधी किती पोरं कोणाच्या क्लासला जातात ते मोजा.

आकडेमोड · १७ जून, रात्री ११:४१

कोंबडी-अंड्याचा मुद्दा रास्त आहे. मायामीचा अभ्यास निव्वळ सहसंबंधाचा, तो कारण सिद्ध करत नाही. वॉलेसच्या आढाव्यातले अभ्यास मात्र वर्षानुवर्षांची माहिती वापरतात, त्याच शाळेत माणूस बदलल्यावर काय झालं ते बघतात. शेवंतीताईंच्या घरी हाच प्रयोग चालू आहे, फक्त नमुना एका मुलीचा.

क्लासचंही खरं. पण क्लासला जाऊ न शकणारं मूल शाळेवरच अवलंबून असतं ना? मुख्याध्यापकाचा फरक त्यालाच सगळ्यात जास्त पडणार.

झेडपी_गुरुजी · १८ जून, रात्री ९:०२

"मायामीत खिचडी शिजवावी लागत नाही" यावर हसू आलं आणि रडूही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुख्याध्यापक आहे, प्रभारी. म्हणजे काम मुख्याध्यापकाचं, पगार शिक्षकाचा, आणि चौथीचा वर्गही माझ्याकडेच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला स्वतंत्र मुख्याध्यापक हवा तो १५० च्या वर पट असेल तर. वाडीवस्तीवर १५० पट कुठून आणू? त्यामुळे खेड्यात 'मुख्याध्यापकाचे प्राधान्यक्रम' म्हणजे वर्ग सांभाळून उरलेल्या वेळात कोणता फोन उचलायचा.

कालचा दिवस सांगतो. सव्वादहाला पोचलो. तांदळाचं पोतं उघडून मोजमाप, पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम. चव घेऊन चव रजिस्टरला नोंद. परिपाठ. केंद्रप्रमुखांचा ग्रुपवर निरोप, प्रवेशोत्सवाचे फोटो १२ च्या आत, बॅनरसह. बॅनर छापायला पैसे सादिलमधून (किरकोळ खर्चाचं अनुदान), सादिल अजून आलेलं नाही. दोन मुलांची आधारवरची नावं आणि यू-डायसवरची (शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद) नावं जुळत नाहीत, एकाच्या आईला बोलावलं, ती शेतात. मतदारयादीचं काम. ऑनलाइन बैठक, त्यात अर्धा तास "आवाज येतोय का?" चौथीच्या वर्गाला मी एकूण दिलेला वेळ ५० मिनिटं, त्यातली २० मी मोबाइलकडे बघत होतो. दुसऱ्या बाईंच्या वर्गात गेलो तो खडू मागायला.

कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलंय की शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम देऊ नये. माहिती भरणं म्हणे 'शैक्षणिक' आहे.

बरं, मला कशाबद्दल विचारतात? फोटो पाठवला नाही तर पाच मिनिटांत फोन. चौथीतल्या सहा मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, याबद्दल वरून फोन? एकदाही नाही. ग्रामीण मुलांना वाचता येतं का ते बघणाऱ्या 'असर' अहवालाची चाचणी तेवढीच असते हो, दुसरीच्या पातळीचा उतारा. ग्रामीण भारतात पाचवीतली तो वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, कोविडनंतर २०२२ मध्ये ४२.८ वर आली. निम्म्याहून जास्त मुलं पाचवीत येऊनही वाचत नाहीत. आणि मी बॅनर छापतोय.

गुळपोळी · १८ जून, रात्री ९:११

गुरुजी, दंडवत. चव रजिस्टरला कधी 'मीठ कमी' असं लिहिलंय का? सगळीकडे 'चव उत्तम'च असते.

झेडपी_गुरुजी · १८ जून, रात्री ९:१५

एकदा लिहिलं होतं. खुलासा द्यावा लागला.

दप्तरदिरंगाई · १८ जून, रात्री ९:४०

अवांतर: शाळेच्या घंटेचं कोणाला आठवतं का? रुळाचा तुकडा टांगलेला. आमचा शिपाई घड्याळ न बघता द्यायचा, मिनिटाचा फरक नाही. आता इलेक्ट्रिक बेल आहे, वीज गेली की तास संपतच नाही.

मैनाराणी · १८ जून, रात्री ९:५२

@दप्तरदिरंगाई, आमच्याकडे पितळी तास होता. शेवटची घंटा द्यायचा मान ज्या मुलाची महिनाभर हजेरी पूर्ण त्याला. मी एकदा तापात शाळेत गेले होते त्यासाठी.

माणदेशी · १९ जून, सकाळी ६:४८

धागा भरकटायच्या आत जरा सातारकडचं. २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झालं त्याच्या आगेमागे आमच्या कुमठे बीटची (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) राज्यभर चर्चा होती. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी त्या बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादी पद्धत (मूल स्वतः हाताळून, करून शिकतं ती) रुजवली होती. गावोगावचे शिक्षक, मुख्याध्यापक गाड्या भरभरून बघायला येत.

आलेल्यांनी काय बघितलं? फरशीवर रंगवलेले संख्यातक्ते, बाराखडीचे चौकोन, खडे, काड्या, मणी. परत जाऊन त्यांनी पहिलं काम काय केलं? फरशी रंगवली. लोकवर्गणी काढून रंगवली. मी अशा शाळा पाहिल्यात जिथे तक्त्यावर सतरंजी आणि सतरंजीवर पोरं ओळीत बसून 'बे एके बे' म्हणतायत. कुमठ्याला भराडे मॅडम शिक्षकांबरोबर बसत, मूल कसं शिकतं यावर तासन्‌तास बोलत, ते फोटोत कसं येणार?

आकडेमोड · १९ जून, सकाळी ९:३०

@माणदेशी, याच्याशी जुळणारा भारतातलाच अभ्यास आहे. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग, मध्य प्रदेश. शाळांचं मूल्यांकन करायचं, प्रत्येक शाळेने सुधारणा आराखडा बनवायचा, वरून पाठपुरावा करायचा, असा कार्यक्रम त्यांनी सुमारे १८०० शाळांत तपासला. मूल्यांकनं झाली, आराखडे बनले, अपलोडही झाले. वर्गात काय बदललं? काही नाही. मुलांच्या शिकण्यात? शून्य. आणि त्या प्रकारचा कार्यक्रम पुढे देशात सहा लाखांहून जास्त शाळांत गेला, कारण कागदावर तो यशस्वी होता.

झेडपी_गुरुजी · १९ जून, सकाळी ९:४४

शाळा सिद्धी ना? भरलंय मी. स्वतःला श्रेणी द्यायची होती. शेजारच्या शाळेने काय दिली ते फोनवर विचारून दिली.

संस्थाकारभारी · १९ जून, रात्री ८:०५

सतरा_नंबर यांचा प्रतिसाद दोन दिवस डोक्यात आहे. आमच्या संस्थेत गेल्या पाच वर्षांत नववीतून किती मुलं १७ नंबरला गेली याचा आकडा मी कधी मागितला नव्हता. आज मागितला. मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, आजपर्यंत तुम्ही फक्त दहावीचाच विचारलात." आकडा इथे लिहिणार नाही. पण कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेवर घेतलाय.

सतरा_नंबर · १९ जून, रात्री ८:२०

धन्यवाद साहेब. नुसता आकडा नका घेऊ, नावंही मागवा.

शेवंती · २१ जून, संध्याकाळी ६:३७

काल शाळेत जाऊन नव्या सरांना भेटले, त्याचा वृत्तांत.

पाऊण तास बाहेर बसले. आत आधार जुळणीचं काम चाललं होतं, झेडपी_गुरुजींची आठवण झाली. मग आत बोलावलं. भांडायच्या तयारीने गेले होते. गणित चित्रकलेच्या सरांकडे का, हे विचारलं. ते म्हणाले, "गणिताचे दोनच शिक्षक आहेत, दोघे नववी-दहावीला. संस्थेची सूचना आहे." मग जुने सर वर्गात बसायचे त्याबद्दल बोलले. बराच वेळ गप्प होते. मग जे म्हणाले ते मला अपेक्षित नव्हतं.

म्हणाले, "ताई, मी २४ वर्षं याच स्टाफरूममध्ये बसलो. सेवाज्येष्ठतेने खुर्चीवर आलो, एका रात्रीत. ज्यांच्याबरोबर रोज डबा खाल्ला त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसलो तर ते म्हणतील, हा आता आमची तपासणी करणार. आणि मी मराठीचा माणूस. गणिताच्या तासाला बसून मला काय कळणार? जुन्या सरांना सगळे मानायचे, त्यांचं वेगळं होतं. रंगाचं काम मला जमतं, ते मी केलं."

मला काय बोलावं सुचेना. तशीच उठून आले.

तासिका · २१ जून, रात्री ७:१०

हे फार खरं बोलले ते. मुख्याध्यापक होताना प्रशिक्षण मिळतं ते रजा नियम, वेतन निश्चिती, शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली) यांचं. सहकाऱ्याच्या वर्गात बसून त्याला न दुखावता बोलायचं कसं, हे कुठे शिकवतात? आणि नियमाने पद ज्येष्ठतेने मिळतं, त्यात हे येतं की नाही ते कोणी बघत नाही.

पण विषय न कळणं ही अडचण नाही. माझ्या पाचव्या बाई हिंदीच्या होत्या, विज्ञानातलं ओ की ठो कळत नसे. त्यांनी कोणती मुलं बोलली एवढंच मोजलं होतं.

झेडपी_गुरुजी · २१ जून, रात्री ९:२६

शेवंतीताई, सरांना निरोप द्या, आगाऊपणा वाटला तर वगळा. आमच्या केंद्रात एका बाईंनी हे उलटं केलं. इतरांच्या वर्गात जाण्याआधी स्वतःच्या तासाला सगळ्यांना बोलावलं. म्हणाल्या, "मी स्थानिक किंमत शिकवते, तुम्ही मागे बसा आणि चुका काढा." पहिल्या दिवशी कोणी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या खेपेला एकाने भीत भीत एक चूक काढली, बाईंनी सगळ्यांसमोर ती मान्य केली. पुढच्या महिन्यात दोघांनी स्वतःहून "माझ्या तासाला या" म्हटलं. मुख्याध्यापकालाही तासिका असतातच, सुरुवात तिथून करता येते.

बाबा_आदम · २१ जून, रात्री ९:५०

माझं मत अजून तेच आहे, पण चित्रकलेच्या सरांकडे गणित हे जरा जास्तच होतं. वेळापत्रक मुख्याध्यापक बनवतो हे लक्षात नव्हतं आलं. तेवढ्यापुरती माघार.

गुळपोळी · २१ जून, रात्री ९:५१

बाबा_आदम यांची माघार! वाचनखूण साठवली.

शेवंती · ५ जुलै, रात्री ८:५५

मैनाराणींनी विचारपुशीत विचारलं म्हणून अपडेट. शाळा तूर्त बदललेली नाही. तासिका आणि झेडपी_गुरुजी यांच्या वरच्या दोन प्रतिसादांची प्रिंट काढून सरांना नेऊन दिली (आयडीची नावं खोडून). वाचलं की नाही माहीत नाही, काही बोलले नाहीत.

पण गेल्या आठवड्यापासून आठवी ब ला शुक्रवारी चौथा तास सरांचा लागलाय, मराठी. लेक म्हणते, "सर कविता मस्त म्हणतात, पण खाली वाकून वाचतात, आमच्याकडे बघत नाहीत." या शुक्रवारी मागच्या बाकावर चित्रकलेचे सर येऊन बसले होते म्हणे. का, ते तिला माहीत नाही. गणित अजून त्यांच्याकडेच आहे.

तासिका · ५ जुलै, रात्री ९:०३

मागे बसले होते?! पुढच्या शुक्रवारी काय होतं ते नक्की कळवा.

आकडेमोड · ५ जुलै, रात्री ९:२०

आणि मूळ प्रश्न राहिलाच. एक तृतीयांशाचं काय झालं?

शेवंती · ५ जुलै, रात्री ९:३१

भाकरी मोडून दाखवली. अर्धा मोठा हे पटलंय. मग विचारलं, आता एक चतुर्थांश कसा? म्हणाली, आई, तो तू घे.